‘सक्तीची चाल’ की ‘अनिवार्य चाल’?

मूळ प्रश्न: मास्ट्रिख्ट विद्यापीठात तयार झालेल्या ‘लुडी’ या खेळवर्णन-भाषेतील (खेळाचे नियम संगणकाला समजतील असे लिहिण्याच्या भाषेतील) ड्राफ्ट्सच्या, म्हणजे चेकर्स या पटावरच्या खेळाच्या, नियमांना मी मराठी टिपा जोडत आहे. तिथे ‘प्रायोरिटी’ या शब्दाखाली आधी सोंगटी मारणाऱ्या चाली आणि मग साध्या चाली लिहितात. मारण्याची एक जरी चाल उपलब्ध असेल, तरी साध्या चालींचा विचारच होत नाही. मी ‘सक्तीची चाल’ असे लिहिले होते. सहकाऱ्यांनी ते खोडून ‘अनिवार्य चाल’ असे केले. योग्य काय?

प्रतिसाद १: अनिवार्य. ‘सक्ती’ फारसी ‘सख्त’वरून आलेला शब्द आहे. परिभाषा घडवताना संस्कृत शब्दाला प्राधान्य द्यावे, कारण त्यापासून ‘अनिवार्यता’सारखी रूपे सहज साधता येतात.

प्रतिसाद २: शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हापासून तरी हा शब्द आपल्या कायद्याच्या व्यवहारात रुळलेला आहे, त्याला परका कसे म्हणावे? शिवाय अर्थ वेगळे आहेत. बुद्धिबळात राजाला शह बसला आणि त्यातून सुटायला एकच चाल उरली, तर ती चाल अनिवार्य, म्हणजे टाळता न येणारी. ड्राफ्ट्समध्ये इतर चाली पटावर दिसत असूनही नियम त्या खेळू देत नाही. ही सक्तीच आहे.

प्रतिसाद ३: याला जुन्या ड्राफ्ट्समधून पुष्टी मिळते. मारण्याची संधी असूनही खेळाडूने दुसरीच चाल केली, तर ज्या सोंगटीने मारायला हवे होते ती उचलून घेण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्याला असे. नियम मोडता येत होता आणि मोडल्यास दंड होता. अशा नियमाला अनिवार्य म्हणणे मला पटत नाही.

मूळ प्रश्नकर्ता: हा दाखला महत्त्वाचा आहे, पण माझी अडचण त्याने वाढली. संगणक वैध चालींची यादी करतो, तेव्हा साधी चाल त्या यादीत येतच नाही. पटावर जी सक्ती होती, ती वर्णनात उतरताच खरोखर टाळता न येणारी होते. मग टीप खेळाच्या नियमाची लिहायची की संगणकाच्या वागण्याची?

प्रतिसाद १: म्हणजे ‘अनिवार्य’च.

प्रतिसाद ४: दोन्ही शब्द सोडून क्रियापदाकडे वळावे. ‘मारणे भाग आहे’ असे आपण बोलताना सहज म्हणतो. शंभर घरांच्या आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्समध्ये तर जास्तीत जास्त सोंगट्या मारणारी चालच करावी लागते आणि लुडीत त्यासाठी ‘मॅक्स’ हा वेगळा शब्द लागतो. ‘सर्वाधिक मारणे भाग’ अशी टीप तिथेही चालेल.

प्रतिसाद २: वाक्यात चालेल, शब्दसूचीत नाही. आणि ऑथेल्लो या पटावरच्या खेळाचे काय? तिथे एकही वैध चाल नसेल तेव्हाच पाळी सोडावी लागते, एरवी सोडता येत नाही. हे पाळी सोडणे सक्तीचे की अनिवार्य?