सांबऱ्याहून आईचं पहिलं विमान

प्रश्न: पुढच्या आठवड्यात आईला घेऊन सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूरला जाऊलोय. पंख्याचं एटीआर ७२ विमान आहे. तिचे कान आधीच दुखरे, त्यात हे पावसाचे ढग. तिला त्रास होऊ नये, एवढंच वाटतंय. काय करू?

उत्तर: उतरताना झोपू देऊ नकोस. तेव्हा केबिनमधला दाब वाढतो नि कानाला दडे बसतात. आवळासुपारी चघळायला दे, घोटघोट पाणी पाज. सर्दी असली तर आधी डॉक्टर.

उत्तर: पंखांजवळ हादरे कमी लागतात, पण एटीआरमध्ये आवाजही तिथंच जास्त. माझ्या सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलेलं. ढगांवर आल्यावर सोडलं, नि खिडकीला कपाळ टेकून बघतच बसल्या. खिडकीच दे बघ आईला!

प्रश्नकर्ता: सर्दी आहेच तिला. उद्याच दाखवतो.