प्रतिसाद: जुना सोफा शाम्पूला देण्याआधी

वर कोणीतरी सुचवलंय की सोफा कितीही जुना असला तरी मशीनवाल्याला बोलवावं, शाम्पू मारून नवा करून देतात. कृपया इतकी घाई करू नका. जुन्या सोफ्यात खरा प्रश्न मळाचा नसतो, कापडाचा आणि आतल्या भरावाचा असतो.

कॉटन किंवा लिननचं जुनं कापड जास्त भिजलं आणि हळूहळू वाळलं, की तपकिरी डाग वर येतात. धाग्यातला जीर्ण झालेला अंश पाण्यात विरघळतो आणि वाळताना पृष्ठभागावर जमा होतो. म्हणजे सोफा धुतल्यावर आधीपेक्षा मळकट दिसतो! व्हिस्कोजचं (म्हणजे रेयॉनचं) मखमली कापड तर ओलं असताना फारच कमजोर होतं, त्याची लव चपटी झाली की सहसा परत उभी राहत नाही. आत काथ्या किंवा घोड्याचे केस असतील तर ओल आत साचून बुरशी धरते.

लेबल असेल तर बघा: 'डब्ल्यू' म्हणजे पाण्याने चालेल, 'एस' म्हणजे फक्त सॉल्व्हंट (ड्रायक्लीनिंगचं बिनपाण्याचं द्रावण), 'एक्स' म्हणजे नुसता व्हॅक्यूम. जुन्या सोफ्यावर बहुधा लेबल उरलेलंच नसतं, म्हणून मागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात ओलं पांढरं फडकं दाबून रंग सुटतो का ते आधी पाहायला लावा. ही चाचणी टाळणाऱ्या माणसाला मी तरी सोफ्याला हात लावू देणार नाही.

आणि फोमचा भुगा पडत असेल तर धुण्यावर खर्च करू नका, आधी फोम बदला.