बोटीच्या एसीची धार बारीक झालीय, पंप बदलू का?

मांडवीकाठ: ३४ फुटी बोट, पणजीला मांडवीत बांधलेली. १६,००० बीटीयूचा (थंड करण्याची ताकद) एसी, त्यातून नदीचं पाणी फिरवून बाहेर सोडणारा २३० व्होल्टचा पंप. बाहेर पडणारी धार करंगळीएवढी, थोड्या वेळात 'हाय प्रेशर' दाखवून बंद. स्ट्रेनर (पंपाआधीची गाळणी) धुतला. बजेट ८ हजार, बोट वर काढायची नाही.

दर्यासारंग: मोठा इंपोर्टेड पंप घ्या, माझा खणखणीत चालतो. बजेट वाढवा.

सुकाणू: आधी बादली लावा. १२,००० बीटीयूला मिनिटाला साधारण ११ लिटर लागतं, म्हणजे तुम्हाला १५. मग सी-कॉक (तळातून पाणी आत घेणारा कॉक) बंद करून स्ट्रेनरचं झाकण काढा नि कॉक जरासा उघडा, हात कॉकवरच ठेवा. स्ट्रेनर पाणपातळीच्या खाली असेल तर पाणी उसळून वर यायला हवं. नाही आलं तर तळाच्या जाळीत बार्नॅकल (चिकटून वाढणारे कवचाचे जीव), पाणबुड्या बोलवा.

नांगर_टाका: गॅस चेक करा, कमी असणार.

सुकाणू: धार बारीक आहे हो, गॅसचा काय संबंध?

खारंवारं: स्ट्रेनर धुतल्यावर हवा अडकते. हे पंप स्वतः पाणी ओढून घेत नाहीत. पंप बंद, सी-कॉक उघडा, पंपाच्या बाहेरच्या तोंडाचा होज सैल करा. बुडबुडे जाऊन सलग पाणी आलं की क्लिप आवळा. होज कॉइलपर्यंत (एसीतली पाणी फिरणारी नळी) चढतच गेला पाहिजे, मध्ये उंटाची पाठ नको.

दर्यासारंग: जाळीचं तोंड पुढे आहे ना? उलटं असलं तर चालत्या बोटीत पाणी मागे ओढलं जातं.

मांडवीकाठ: बोट उभी असतानाच रडतंय. स्ट्रेनरमध्ये पाणी उसळतं, हवाही काढली. बादलीत ६ लिटर. कॉइलच्या आधी होज काढून मोजलं तर १७.

खारंवारं: मग पंप ठणठणीत, कॉइल चोंदलीय. कॉइलचे दोन्ही होज काढा, १५ लिटर कोमट गोड्या पाण्यात किलोभर सायट्रिक ॲसिड, छोट्या पंपाने उलट दिशेने फिरवा. फेस थांबला की साध्या पाण्याने भरपूर धुवा. हातमोजे, चष्मा घाला.

नांगर_टाका: संडासाचं ॲसिड स्वस्त पडतं.

सुकाणू: कॉइल खाऊन टाकेल ते. सायट्रिकच.

मांडवीकाठ: शनिवारी पाहुणे आहेत. ओळखीत मोठा सेकंडहँड पंप मिळतोय, तोच बसवतो. सायट्रिक पावसाळ्यात बघू.

खारंवारं: चोंदलेल्या नळीतून मोठा पंप कितीसं ढकलणार? निदान होजच्या क्लिपा दुहेरी लावा.