लहानपणी जीव टाकलेली ऐतिहासिक कादंबरी मोठेपणी परत वाचलीय का? सांगा

सुरुवात मीच करतो. पाचवीत बक्षीस मिळालेली, पन्हाळ्याच्या वेढ्यावरची किशोर कादंबरी, नाव मुद्दाम देत नाही. मे महिन्यात पोराला वाचून दाखवायला काढली. हिरो बारा वर्षांचा, महाराज गडावरनं निसटले ती राजदिंडीची वाट हाच शोधणार, सिद्दी जौहरच्या तोफेत पाणीपण हाच ओतणार, आणि महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसून मरण पत्करलेला आपला शिवा काशिद दीड पानात आटोपलाय! वर अमावास्येची काळोखी रात्र म्हणे. अहो 1660 ची ती रात्र आषाढी पौर्णिमेची. पोरगं विचारतंय, बाबा मग बाजीप्रभूंनी काय केलं? काय सांगू?

चिखलपाय : आमच्यातली पोरं दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालतात, मीपण दोनदा गेलोय. मसाई पठारावर धुकं असलं की पुढचा माणूस दिसत नाही, चिखलातनं बूट निघत नाही, आणि तुमच्या त्या पुस्तकात सगळे घोड्यावरनं टपटप टपटप... लेखक पावसात कधी घराबाहेर पडलाच नसणार.

शाहूपुरीची : माझी ताराराणींवरची होती. कावळा नाक्यावरचा घोड्यावरचा पुतळा बघत शाळेला जायचे, म्हणून हट्टानं घ्यायला लावलेली. 1700 ला राजाराम महाराज गेल्यावर बाईनं सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं, तो 1707 ला इथंच दख्खनेत मेला, आणि पुस्तकात बाई काय करतात तर दोन मित्रांना ओवाळतात. तेव्हा खटकलं नाही याचंच जास्त वाईट वाटतं.

पुस्तककिडा : पहिलीच बहुतेक मीपण वाचलीय, मावळा काडेपेटीनं मशाल पेटवतो तीच ना? आमच्या घरच्या कॉपीत त्या ओळीशेजारी पेन्सिलनं "खोटं" लिहिलेलं परवा सापडलं. अक्षर थोरल्या ताईचं. तिला सातवीतच कळलेलं, मला चाळिशीत.

तिखटजाळ : मला नाही पटत राव. तसलंच पुस्तक वाचून मी वडिलांच्या मागं लागून पहिल्यांदा गड बघितला, अंबरखान्यात, म्हणजे गडावरच्या धान्याच्या कोठारात, जाऊन ओरडून आलो, येताना नेबापूरला शिवा काशिदांच्या समाधीपाशी थांबलो. चुका आहेत, मान्य, पण लळा त्यानंच लावला की.

रंकाळ्यावरचा : एवढं वाईट म्हणताय तर वाचायलाच पाहिजे. कुणाकडं एक्स्ट्रा कॉपी आहे काय? येऊन घेऊन जातो.