मदत हवी आहे: मसाज थेरपिस्टचं काम जमत नाहीये, सोडू का?

पाऊलखूण: कोर्स झाला, काम मिळालं, काम आवडतंही. पण दुपारनंतर दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी अशी कळ येते की बाटलीचं झाकण फिरवता येत नाही. त्यात वरिष्ठ म्हणतात, तुझं संभाषण कमी पडतं. लोक ‘हळू’ म्हणाले तरी मी दाब देतच राहते, लक्ष देत नाही, असं त्यांचं म्हणणं. या कामाला अंगात नेमकं काय लागतं? माझी ताकद कमी पडतेय का? ‘मनापासून करा, जमेल’ असलं काही नको. उद्या सांगायचंय त्यांना.

रानवारा: दिवसाला किती जण? टेबल केवढं उंच? अंगठाच वापरता की कोपर, फोरआर्मही (कोपर ते मनगट हा भाग)? यातलं काहीच लिहिलं नाहीत, तर सांगणार काय?

खडीसाखर: रबरी चेंडू घ्या आणि सकाळ-संध्याकाळ दाबा. पकड वाढली की दुखणं जातं. माझं गेलं.

रानवारा: चेंडू अजिबात नको. जे स्नायू दिवसभर आवळले जातात, तेच घरी जाऊन पुन्हा आवळायचे? त्यापेक्षा बोटांना रबरबँड लावून पंजा उघडायचा व्यायाम करा, तोही कळ थांबल्यावर.

खडीसाखर: मी स्वतःचा अनुभव सांगितला. तुम्ही डॉक्टर आहात का?

पाऊलखूण: पाच-सहा जण. टेबल माझ्या कंबरेला लागतं, सगळ्यांना तेच. बहुतेक अंगठ्यानेच करते, तसंच शिकवलंय. संभाषणाबद्दल कोणीच काही बोलत नाहीये.

दगडफूल: कंबरेला म्हणजे फारच उंच. टेबलाशेजारी सरळ उभ्या राहा, हात खाली सोडा, मूठ वळा. मुठीची हाडं टेबलाला जेमतेम टेकली पाहिजेत. टेबल उंच असलं की शरीराचं वजन वरून उतरत नाही, मग सगळा जोर खांद्यातून आणि अंगठ्यातून काढावा लागतो. एक पाय पुढे, एक मागे, मनगट सरळ, आणि ढकलायचं नाही, कलायचं. त्यामुळे ताकद म्हणाल तर ती पायांत आणि कंबरेत हवी.

अंगठ्याच्या मुळाचा सांधा चहूबाजूंनी फिरतो, म्हणूनच तो फारसा भक्कम नसतो. टोकाशी दिलेला दाब मुळाशी कित्येक पटींनी वाढून पोचतो. अंगठ्याने गाठ शोधा, दाब फोरआर्मने द्या. पाठ आणि मांडी तर फोरआर्मनेच, फक्त मणक्याच्या हाडावर नको. रात्री अंगठा आणि पुढची दोन बोटं बधिर होत असतील तर मनगटात नस दाबली जात असू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा, सोडायचं की नाही ते नंतर.

शिंपला: मसाजनंतर भरपूर पाणी प्यायला सांगा, शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात.

दगडफूल: ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, मसाज नाही. आणि इथे तो प्रश्नच नाहीये.

रानवारा: ‘हळू’ म्हटलेलं तुमच्यापर्यंत पोचतच नसेल असं वाटतंय. संगीत मोठं असतं का?

पाऊलखूण: संगीत नाही. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, उजव्याला यंत्र आहे. लहानपणापासूनच आहे, म्हणून लिहिलं नाही. समोरासमोर ओठ बघून सगळं कळतं. वाकल्यावर यंत्र शिट्टी मारतं, म्हणून कामाच्या वेळी काढून ठेवते.

रानवारा: अहो, मग खरी अडचण हीच आहे! माणूस पालथा, तोंड टेबलाच्या भोकात, आवाज जमिनीकडे. ओठ दिसणार कुठून?

दगडफूल: बोलायचं ते सगळं तो झोपायच्या आधी, समोर बसून. रक्त पातळ करणारं औषध, पोटरीत झालेली रक्ताची गुठळी, ताप, ताजं ऑपरेशन, त्वचेचा संसर्ग, गर्भारपण, आणि कुठे हात लावलेला चालणार नाही, हे विचारायचंच. कानाचंही तिथेच सांगा आणि खूण ठरवा.

खडीसाखर: कानाचं कशाला सांगायचं? लोक दुसरी थेरपिस्ट मागतील.

दगडफूल: एखादा मागेल. पण न सांगता ‘हळू’ सुटलं तर तो दुखरी पाठ घेऊन घरी जातो. जपानमध्ये अंध मंडळी शतकानुशतकं हे काम करत आली आहेत, तिथल्या अंधशाळांत ते शिकवलंही जातं. कान कमी म्हणून काम सोडायचं कारण नाही. आणि अंगाकडे बघा: पायाची बोटं आकसली, श्वास अडला, खांदा कानाकडे सरकला, हाताखालचा स्नायू उलट ढकलू लागला, की दाब जास्त झालाय. काही जण तोंडाने कधीच बोलत नाहीत, मुकाट सोसतात. ते ऐकू येणाऱ्या थेरपिस्टलाही असंच ओळखावं लागतं.

पाऊलखूण: टेबलाच्या पायांना स्क्रू आहेत, उद्या खाली करून मागते. फोरआर्मचं कुणाकडून तरी शिकावं लागेल. खूण कोणती? हात वर केला तर मला दिसेलच असं नाही, नजर पाठीवर असते.

रानवारा: टेबलावर थाप. एक म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. टेबलाला मांडी टेकलेली ठेवा, थाप अंगाला कळते. झोपायच्या आधी त्यांच्याकडून एकदा मारून घ्या.