मदत हवी आहे: मार्विन हॅरिसन ज्युनियरला नापास ठरवायचं का?

मंडळी, एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) नियमित बघणाऱ्यांनी जरा मदत करा. ऑफिसातला एक मित्र म्हणतो, रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) हॅरिसन ज्युनियर फुसका निघाला. २०२४च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याची फेरी) अ‍ॅरिझोना कार्डिनल्स संघानं त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात ११६ वेळा चेंडू त्याच्याकडे फेकला गेला, झेल ६२, यार्ड (झेलांतून मिळवलेलं अंतर) ८८५, टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवणं) ८. त्याच ड्राफ्टमधला दुसरा रिसीव्हर मलिक नेबर्स १०९ झेल, १२०४ यार्ड करून मोकळा!

पण गंमत बघा, हॅरिसनच्याच वडिलांचा १९९६चा पहिला हंगाम: ६४ झेल, ८३६ यार्ड, टचडाउन तेवढेच ८. पुढे ते हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गज खेळाडूंचा सन्मान) गेले. पुढे मोठा रिसीव्हर ठरलेल्या दावांते अ‍ॅडम्सला तर पहिल्या दोनपैकी एकाही हंगामात पाचशे यार्डही गाठता आले नव्हते.

माझी अडचण अशी की ११६ पैकी ६२ म्हणजे जेमतेम निम्मे, यात दोष कुणाचा हे आकड्यांवरून कळत नाही. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅक कायलर मरेची फेक चुकली, की पोरगा मोकळा होऊच शकला नाही? त्यात त्याच संघातला ट्रे मॅकब्राइड एकटाच १११ झेल घेऊन बसलेला. तुम्ही नवख्या रिसीव्हरचं नेमकं काय बघता? आणि किती हंगाम थांबता? सोमवारी मित्राला उत्तर द्यायचंय.