मदत हवी आहे : मेंदूच्या मलेरियात पेशींना नेमकी इजा कशी होते?

नमस्कार मंडळी. गडचिरोलीत माझा अकरा वर्षांचा भाचा फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाने बेशुद्ध पडला होता; आर्टेसुनेटच्या इंजेक्शनांनी वाचला. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. मलेरियाचा परजीवी रक्तातल्या लाल पेशीत शिरतो, तिच्या पृष्ठभागावर पीएफईएमपी-१ हे प्रथिन आणतो, मग ती मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटते, रक्त अडतं, अस्तर झिरपू लागतं, सूज येते. इथवर कळलं. पण परजीवी तर रक्तवाहिनीतच राहतो, मेंदूच्या पेशींत शिरतच नाही! मग त्यांना इजा कशाने जास्त होते? प्राणवायू न मिळाल्याने, सुजेच्या दाबाने, की आपल्याच प्रतिकारशक्तीने पेटवलेल्या दाहाने? पोरगं शाळेत जातंय, पण पाठ असलेले पाढे विसरतंय, जीव टांगणीला लागलाय. त्याला आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवू की मेंदूविकारतज्ज्ञांना? कुणी डॉक्टर असाल तर सांगा ना.